घरजावयाचा खर्च

आमच्या घरात फ्रीझर आला तेव्हा मी नवी नवरी होते, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. आता आहे, म्हणून सांगते.

साधा फ्रिज वेगळा, तो स्वयंपाकघरात आहेच. हा नुसता फ्रीझर. आडवा, पेटीसारखा, झाकण वरून उघडायचं, आत एक माणूस आरामात झोपेल एवढा. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तो एका बंद पडणाऱ्या दुकानातून स्वस्तात उचलला आणि मागच्या खोलीत आणून ठेवला. ज्यांच्यात रांधायचं बळ नाही, किंवा ज्यांना रांधून घालणारं कुणी नाही, अशांसाठी त्यांना जेवण करून गोठवून ठेवायचं होतं. एका जेवणाचा एक डबा. न्यायचा, गरम करायचा, जेवायचं.

"घेतला ते एकदाच," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान. "पोसायचा मात्र रोज."

त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, कारण ते मीटर वाचायच्या नोकरीत होते. उभी हयात लोकांच्या जिन्याखाली वाकण्यात गेली. कुठल्या घरात काय किती वीज खातं हे त्यांना तोंडपाठ, आणि लोक वस्तूची किंमत विचारतात पण खर्च विचारत नाहीत, हे त्यांचं कायमचं दुःख. निवृत्त झाल्यावर वाचायला घरचाच मीटर उरला. मग त्यांनी फ्रीझरला वेगळा छोटा मीटर बसवून घेतला. रोज सकाळी चहा झाला की चष्मा लावून मागच्या खोलीत जायचे, वाकायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. मग कालपासून किती खाल्लं ते. मग त्याचे पैसे किती होतात ते. आणि शेवटी, "काढून टाकू या का?"

जाऊबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "टाका की." मग दोघं आपापल्या कामाला लागायचे. मी हे इतकी वर्षं ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. आमचे हे, म्हणजे भाऊजींचे धाकटे भाऊ, नेमके त्याच वेळेला आंघोळीला जातात.

फ्रीझरचं नाव भाऊजींनी घरजावई ठेवलं होतं. बसल्या जागी खातो, घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि वर घुरघुरतो. खरा जावई बिचारा पार लांबच्या गावी नोकरी करतो, त्याला या नावाची कल्पनाही नाही.

पण एक सांगते. घरजावयाला कमीत कमी खर्चात कसं पोसावं हे जाऊबाई भाऊजींकडून शिकल्या नव्हत्या, उलट भाऊजीच त्यांच्याकडून शिकले. आधी फ्रीझर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होता. जाऊबाईंनी पलीकडे शेगडी आहे म्हणून तो उचलून सावलीच्या भिंतीकडे नेला, आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडली. आठवडाभरात मीटर मंदावला. मग त्यांनी आत रिकामी जागा म्हणून ठेवायची नाही असं ठरवलं. डबा बाहेर गेला की त्याच्या जागी पाण्याची बाटली. भाऊजी चिडले. "पाणी गोठवायला वीज जाळायची? आता हवा पण गोठवा." जाऊबाई म्हणाल्या, "हवाच गोठवतोय की आपण. झाकण उघडलं की ती पळून जाते. बर्फ पळत नाही." भाऊजींनी महिनाभर आकडे बघितले आणि त्यानंतर बाटल्यांवर बोलायचं बंद केलं. मान्य केलं असं नाही. नुसतं बोलायचं बंद केलं.

बर्फाचा थर चढला की तो लाकडी उलथन्याने खरवडायचा, सुरीने कधीच नाही. झाकणाचं रबर कोमट पाण्याने पुसायचं. झाकणात कागदाचा कपटा अडकवून ओढायचा, सहज निघाला तर रबर ढिलं झालं समजायचं. कुठला डबा कुठे आहे ते पाठ असायचं, म्हणजे झाकण उघडं टाकून शोधत बसायला नको. गुडघे दुखायला लागल्यावरसुद्धा जाऊबाई त्या पेटीत कमरेपर्यंत वाकून पुसायच्या. मी म्हणायचे, कशाला एवढं. त्या म्हणायच्या, "याचं खाणं मला आवरता येईल तेवढं आवरते. बाकीचं त्यांचं ऐकून घेते."

आणि वरच्या बाजूला, अगदी समोर, एक वाटी. वाटीत बर्फ आणि बर्फावर एक नाणं.

हे नाणं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाई कशावर तरी विश्वास ठेवून बसल्यात. तर नाही. "पाणी गोठलं की वर नाणं ठेवायचं," त्यांनी सांगितलं. "आपण नसताना फ्रीझर बंद पडला, बर्फ वितळला, तर नाणं तळाला जातं. परत चालू झाला तरी ते तळालाच गोठून राहतं. बाकीचे डबे दिसायला होते तसेच दिसतात, पण आतलं अन्न एकदा मऊ पडून गेलेलं असतं. ते कुणाला घालायचं नाही. नाणं वर आहे तोवर मला झोप लागते."

भाऊजी म्हणाले, "म्हणजे रोख पैसेसुद्धा याच्याच पोटात."

ही थट्टा अशीच चालली असती. पण मधे वीज महागली, फ्रीझरचं यंत्र एकदा बदलावं लागलं, आणि कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याची त्याच्यावर नजर पडली. चांगली किंमत देतो म्हणाला. भाऊजी पहिल्यांदाच थट्टा सोडून बोलले. पेन्शन आहे तेवढीच आहे. डब्यांचे पैसे अर्धे लोक देतात, अर्ध्यांकडे जाऊबाई मागत नाहीत. उन्हाळा सुरू व्हायच्या आत घरजावयाने आपलं खाणं आपण कमवावं, नाहीतर त्याला निरोप. जाऊबाईंचा चेहरा उतरला, आणि मला कारण माहीत होतं.

कारण समोर राहत होतं. समोरच्या घरात मास्तरीणबाई एकट्या असतात. शाळेतून कधीच्या निवृत्त झाल्या, आवाज अजून वर्गातलाच. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा पुतण्या म्हणाला, एकटीने रांधणार कशी, वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे. मास्तरीणबाई म्हणाल्या, मी या घरातून आडवीच निघेन. पुतण्याही पेटला. तेव्हा जाऊबाई मधे पडल्या आणि शब्द देऊन बसल्या. "त्या चालायला लागेपर्यंत त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची जबाबदारी माझी. एक दिवस जरी खंड पडला तर खुशाल घेऊन जा."

तर असा सगळा मामला होता. फ्रीझर गेला की डबे गेले, आणि डबे गेले की मास्तरीणबाईंचं घर गेलं. रोज दोन वेळा ताजं करून घालणं गुडघ्यांमुळे जाऊबाईंना झेपत नव्हतं. मी मदत करते, पण मला नोकरी आहे आणि माझ्या हाताला चव नाही. खोटं कशाला बोलू.

त्या हिवाळ्यात पुतणीने नवं घर घेतलं. पुतणी म्हणजे भाऊजींची एकुलती एक लेक. ते बघायला आम्ही चौघंही दोन-तीन दिवस तिच्याकडे गेलो. मास्तरीणबाईंचे तेवढ्या दिवसांचे डबे त्यांच्याच फ्रिजमध्ये ठेवून दिले. परत आल्यावर भाऊजींचं अंग प्रवासाने मोडून आलं होतं, म्हणून मीटर वाचायला ते एक दिवस उशिरा गेले. जाऊबाईंनीही पेटी उघडली नव्हती, कारण भाजी स्वस्त मिळाली म्हणून मी ताजंच केलं होतं आणि मास्तरीणबाईंनी निमूटपणे खाल्लं होतं.

भाऊजी वाकले, आकडा सांगितला. मग परत वाचला. मग अगदी लहान मुलासारखे खूश होऊन बाहेर आले. "अगं, काहीच खाल्लं नाही. इतक्या दिवसांत जेमतेम एका दिवसाचं. घरजावई सुधारला."

जाऊबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. झाकण उघडलं. डबे कडक, नीट रचलेले, बाटल्या गोठलेल्या, सगळं जिथल्या तिथे. वाटीतला बर्फही काचेसारखा साफ. नाणं वाटीच्या तळाला होतं.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. घर सोडताना विजेचा मेन स्विच बंद करायचा, ही आयुष्यभराची सवय. हजार घरांना त्यांनी ती शिकवली असेल. निघताना सगळ्यात शेवटी ते बाहेर पडले होते, आणि आल्यावर सगळ्यात आधी ते आत शिरले होते. हाताने बंद केला, हातानेच चालू केला, डोक्याला पत्ताच नाही.

लाइट गेली असेल म्हणाले असते तर आम्ही मानलं असतं. आमच्याकडे लाइट जायला काही कारण लागत नाही. पण ते म्हणाले, "मेन मी बंद केला होता." एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मी जाऊबाईंना म्हटलं, "डबे तर चांगलेच दिसतायत. वास नाही, काही नाही. उकळून द्या. कुणाला कळणार आहे?"

"नाण्याला कळलंय," जाऊबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत त्यांनी सगळं बाहेर काढलं. मटार, रस्से, डाळी, सूप, शिजवलेले मासे. महिनोन् महिन्यांची मेहनत. डबे रिकामे करताना त्यांनी एकही डबा हुंगून बघितला नाही, मोह नको म्हणून. पोती भरली ती भाऊजींनी उचलून बाहेर नेली. मला हात लावू दिला नाही. मी त्या दिवशी कामावर गेले नाही, आणि कधी नव्हे ते मला काही टोचून बोलावंसं वाटलं नाही. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं. तशी मी सहजासहजी रडणारी नाही.

संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "आइस्क्रीमवाल्याला निरोप द्या. घेऊन जा म्हणावं." रागाने नाही म्हणाल्या. राग असता तर परवडलं असतं. "माझं मन उडालं. परत एवढं उभं करायला जीव नाही माझ्यात."

आइस्क्रीमवाला दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊनच आला, पैसे खिशात. दार भाऊजींनी उघडलं. मी आतून कान देऊन होते. आता याला मागच्या खोलीत नेणार, आणि ती सावलीची भिंतही रिकामी दिसणार.

"फ्रीझर द्यायचा नाही," भाऊजी म्हणाले.

"अहो, तुम्हीच तर म्हणत होता, खर्च झेपत नाही."

"आम्हाला झेपत नाहीच. पण तुम्हाला तर मुळीच झेपणार नाही. तुम्हाला वाटतंय हा विजेवर चालतो." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग पिशव्या घेऊन बाजारात गेले आणि दोन्ही खांदे वाकतील एवढी भाजी आणली. ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले आणि मटार सोलायला लागले. एक शेंग, एक दाणा ताटात, दुसरा दाणा स्टुलाखाली. जाऊबाई बराच वेळ आतल्या खोलीत पडून होत्या. शेवटी त्यांना ते बघवेना. "द्या इकडे," म्हणत आल्या. "एवढ्याने तर कोंबडीचं पण पोट भरणार नाही."

अशी पेटी परत भरायला लागली. मास्तरीणबाईंच्या जेवणात खंड पडला नाही, मधले दिवस मी निभावले. त्यांनी फक्त एकदा विचारलं, तुझी जाऊ कधी बरी होणार.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जाऊबाईंच्या लेकीचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण, जाऊबाईंना जायलाच हवं होतं, आणि लेकीने मलाही बोलावलं. आमचे हे तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते. भाऊजी नातवंडासाठी किती आसुसलेले होते ते सांगायला नको. नाव काय ठेवायचं यावर जावयाशी फोनवर दोनदा भांडून झालं होतं. जाऊबाईंनी त्यांचेही कपडे बॅगेत भरले. भाऊजींनी ते काढून परत कपाटात ठेवले.

"मी इथेच थांबतो. मास्तरीणबाईंना डबा कोण काढून देणार? आणि लाइट गेली तर?"

"वेडे झालात का? पहिलं नातवंड आहे."

"ते मला बघायला थांबेल. हा थांबणार नाही," ते फ्रीझरकडे बोट दाखवत म्हणाले.

आम्ही गेलो. मुलगा झाला, गोरापान, नाक थेट भाऊजींचं, वाईट वाटलं. ते कळवलं तेव्हा भाऊजींनी फोनवर त्याचं वजन दोनदा विचारून घेतलं. आणि दोन-चार दिवसांत बातमी आली की आमच्याकडे मोठं वादळ झालं, झाडं पडली, तारा तुटल्या. फोन लागेना. जाऊबाईंच्या मांडीवर नातू आणि जीव मागच्या खोलीत. नातवाला झोपवताना मधेच विचारायच्या, "लागला का गं फोन?" मी वैतागून म्हटलं, "फ्रीझरला लावू की भाऊजींना?" त्या म्हणाल्या, "एकच आहे ते."

आम्ही परत आलो तेव्हा लाइट नुकतीच आलेली होती, पण गल्लीत फांद्या तशाच पडलेल्या होत्या. दार मास्तरीणबाईंनी उघडलं. काठी टेकत, पण स्वतःच्या पायावर, आणि आमच्याच घरात. बोटाने चूप म्हणाल्या आणि मागच्या खोलीकडे घेऊन गेल्या.

फ्रीझर दिसतच नव्हता. घरातली यच्चयावत पांघरुणं त्याच्यावर होती. रजया, चादरी, पलंगाची गादी, माझी चांगली शाल, लेकीचा लहानपणचा लोकरीचा कोट, सगळं दोरीने आवळून बांधलेलं. शेजारी खुर्चीत भाऊजी बसल्या बसल्या झोपले होते, अंगावर फक्त एक टेबलावरचं कापड.

"दोन दिवस लाइट नव्हती," मास्तरीणबाई कुजबुजल्या. त्यांची कुजबुज गल्लीत ऐकू जाते. "याने झाकणाला हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. उघडलं की गार पळतं म्हणे. मग माझं जेवण? स्वतः रांधलं बाई याने. पहिल्या दिवशी उकडलेले बटाटे, मीठ नाही. मी बोलले, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं मीठ एकदम. पण खंड नाही पडू दिला हो. पुतण्या येऊन बघून गेला. तोंड एवढंसं करून."

जाऊबाईंनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. दोरी सोडली, पांघरुणं बाजूला केली, झाकण उचललं. जे डबे मास्तरीणबाईंना गेले होते त्या प्रत्येकाच्या जागी पाण्याची बाटली गोठून उभी होती. एकही जागा रिकामी नाही. आणि समोर वाटी. नाणं बर्फावर, जसं ठेवलं होतं तसं.

माझी जीभ काही गप्प बसत नाही. मी हळूच म्हटलं, "जाऊबाई, नवीन बर्फावर परत ठेवलं नसेल ना?"

जाऊबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मागे सरकले. "यांना खोटा आकडा सांगता आला असता, तर आज आपला बंगला असता," त्या म्हणाल्या. मग गादीखालची रजई ओढून काढली आणि भाऊजींच्या अंगावर नीट, पायांपर्यंत पांघरली.

तेवढ्याने ते जागे झाले. चष्मा शोधला. आधी फ्रीझरकडे बघितलं, मग बायकोकडे. "दोन दिवस मीटर हलला नाही," ते म्हणाले. "पण या वेळेला काळजी करू नकोस." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "फोटो आणलास?"

जाऊबाईंनी फोटो दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला आणि खूप वेळ वाचत राहिले. हो, वाचतच होते, मीटर वाचताना जसे वाकतात तसे वाकून. त्यांनी पाठ आमच्याकडे केली होती. जाऊबाई जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी मास्तरीणबाईंना घेऊन बाहेर आले. त्यांना यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. भाऊजी चष्मा लावून मागच्या खोलीत गेले, वाकले, आकडा मोठ्याने सांगितला, आणि थांबले. किती खाल्लं ते नाही, पैसे किती ते नाही. जाऊबाई ओट्यापाशी झारा हातात घेऊन वाट बघत उभ्या. इतक्या वर्षांचं उत्तर त्यांच्या ओठांवर तयार होतं.

"पुढे?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"पुढे काय," भाऊजी आतून म्हणाले. "चालू आहे."